समृद्धीवरून नागपूर ते आमणे, पण मध्ये उतरत उतरत

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळचं गाव) हा शेवटचा ७६ किमीचा तुकडा सुरू झाला तेव्हा तो एकदाचा पूर्ण झाला. तेव्हापासून जो भेटतो तो सांगतो आम्ही आठ तासांत मुंबई गाठली, नऊ तासांत गाठली. छानच आहे, पूर्वी पंधरा-सोळा तास जायचे आणि पाठीचं भुस्काट व्हायचं. पण मला राहून राहून वाटायचं की हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो, ३९२ गावांच्या शिवारातून जातो, तर मधल्या लोकांना तो कितपत लागू पडला? नागपूर आणि मुंबई जोडली गेली हे दिसतंच आहे, वाशीम, बुलढाणा, जालना जोडले गेले का ते बघायचं तर तिथे उतरायला पाहिजे.

म्हणून दिवाळी झाल्यावर बाबांना घेऊन निघाले. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, मेहकर, मंगरुळपीर, जालना अशा बदल्यांवर त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे या पट्ट्यातला प्रत्येक जुना पूल त्यांना माहीत. गाडी मी चालवणार, ते शेजारी बसून रस्ता बघणार असं ठरलं.

पहिला दिवस : शिवमडका ते मेहकर

सकाळी साडेसहाला नागपूरच्या बाहेर शिवमडक्याला, म्हणजे झीरो पॉइंटला होतो. थंडी नुकती पडायला लागली होती, शेतांवर धुकं आणि त्यात तुरीची पिवळी फुलं. वायफळच्या नाक्यावर आत शिरताना पैसे कापत नाहीत, फक्त नोंद होते, आणि जिथे बाहेर पडाल तिथे तेवढ्या अंतराचे कापले जातात. कारला किलोमीटरला साधारण २ रुपये ६ पैसे आहे, पूर्ण रस्त्याचे १४४५ रुपये होतात. मध्ये उतरून परत चढलं तर दर वेळी नवीन नोंद, पण हिशोब अंतराचाच.

सुरुवातीचे पन्नास किलोमीटर मी गप्प गाडी चालवली कारण बाबांचं सुरू झालं होतं. वर्ध्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर रस्ता बसवला की दोन पावसाळ्यांत लाटा येतात, म्हणून ती खरवडून काढायची, मुरूम भरायचा, थरावर थर दाबायचा आणि मग वर काँक्रीट. "वरचं काँक्रीट सगळ्यांना दिसते, पण खरा पैसा आणि खरी मेहनत खालच्या भरावात जाते," हे वाक्य त्यांनी दिवसभरात किमान तीनदा म्हटलं असेल. भरावही केवढा उंच! शेतं खूप खाली दिसतात, कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात, पण त्यांचे चेहरे दिसत नाहीत. १२० मीटर रुंद पट्टा आहे हा, तीन लेन जायला आणि तीन यायला.

मध्ये मध्ये रस्त्यावरून मातीचा, झाडंझुडपं लावलेला पूल जातो, ते वन्यप्राण्यांसाठी आहेत. कारंज्याजवळ सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे, त्या बाजूला नीलगाय, रानडुक्कर, हरणं भरपूर. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेऊन कुठे वरून आणि कुठे खालून वाट द्यायची ते ठरवलं होतं. आम्हाला पुलावर प्राणी काही दिसला नाही पण दिवसा दिसणारही नाही, त्यांची वेळ रात्रीची.

कारंज्याला उतरलो. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात दर्शन घेतलं, बाहेर पोहे-तर्री आणि चहा. इथून पुढे मी मुद्दाम जुन्या रस्त्याने शेलूबाजारकडे गाडी घातली. बाबांना त्यांचं एक चहाचं दुकान शोधायचं होतं. सापडलं! म्हातारे मालक वारले होते, मुलगा बसला होता. बाबांनी नाव सांगितल्यावर त्याने पैसे घेतलेच नाहीत.

"पहिले रात्री दोन वाजता पण भट्टी चालू राहायची साहेब," तो म्हणाला, "नागपूर-औरंगाबाद सगळा ट्रक इथूनच जाय. आता सगळे वरतून जाऊन राहिले. खाली कोण उतरते?"

मग इंटरचेंजजवळ, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागेजवळ, दुकान का नाही टाकत असं मी विचारलं. तर तिथली जागा त्याला परवडणारी नाही आणि महामार्गाच्या कुंपणाच्या आत टपरी चालत नाही. हेच मला पुढे सगळीकडे ऐकायला मिळालं. प्रवेश बंद असलेला रस्ता असाच असतो, तो सुरक्षित राहतो तोच मुळी या कुंपणामुळे, मधूनच बैलगाडी, सायकल, म्हैस येत नाही म्हणून १२० ची गती शक्य होते. पण जुन्या रस्त्यावर कडेला बसून पोट भरणाऱ्याला त्या कुंपणाने बाहेर ठेवलं आणि त्याच्यासाठी कुणी वेगळा विचार केला असं मला तरी दिसलं नाही.

जाणाऱ्यांसाठी : निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा बघा, आणि टायर किती जुने आहेत तेही बघा. काँक्रीटवर सलग शंभर-सव्वाशे किलोमीटर एकाच वेगाने गेलं की टायर भयंकर तापतात, नायट्रोजन भरला म्हणून घासलेला टायर नवा होत नाही. इंधनाची टाकी भरून चढा, पंप आहेत पण दोन पंपांत अंतर बरंच आहे. आणि इंटरचेंज चुकला तर पुढचा येईपर्यंत वळता येत नाही, काही ठिकाणी तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा पडतो. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना प्रवेशच नाही.

संध्याकाळी मेहकर. शारंगधर बालाजीच्या मंदिरात गेलो, तो काळ्या पाषाणाचा बालाजी इतका सुंदर आहे की फक्त त्याच्यासाठी कुणी मेहकरला उतरलं तरी माझ्या मते दिवस कारणी लागेल. रात्री बाबांच्या जुन्या ओळखीतल्या एका काकांकडे जेवण, ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. काकांची साडेतीन एकर जमीन समृद्धीत गेली. सुरुवातीला जमीन एकत्र करून विकसित प्लॉट देण्याची योजना होती तेव्हा गावाचा कडक विरोध होता, नंतर थेट खरेदी आली, रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. काकांनी त्या पैशातून दुसरीकडे शेत घेतलं, मुलीचं लग्न केलं. भरावासाठी मुरूम हवा होता म्हणून त्यांच्या दुसऱ्या वावरात शेततळं खोदून मिळालं, मुरूम कंपनीचा आणि खड्डा काकांचा, त्या तळ्यावर आता हरभरा निघतो.

"मंग चांगलंच झालं की," बाबा म्हणाले.

"चांगलं झालं ना साहेब, नाही कोण म्हणते. पण उरलेलं दीड एकर पलीकडं राहिलं. समोर दिसते, आवाज दिला तर ऐकू येते, अन जायला बोगद्यातून दोन किलोमीटर फिरून. पावसाळ्यात त्या बोगद्यात कमरेइतकं पाणी." काकू वाढता वाढता म्हणाल्या की यंदा पावसाने सोयाबीन गेलंच होतं, त्यात पलीकडचं काढायला मजूरसुद्धा येईनात.

गावाकडे बोगदा म्हणजे रस्त्याखालून काढलेली वाट. बाबा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पाण्याचा निचरा हा रस्त्याचा अर्धा जीव असतो, पण नकाशा काढणाऱ्याचं लक्ष वरच्या गाडीकडे असतं. उंची दोन फूट वाढवली असती, तळाला उतार दिला असता तर झालं असतं. त्यांना हे मनापासून लागलं.

दुसरा दिवस : लोणार, सिंदखेडराजा, जालना

मेहकरहून लोणार तासाभराच्या आत. उल्का आदळून बसाल्टमध्ये झालेलं हे विवर जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं आहे, आत खारं आणि अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आलं. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवट, वर मोर ओरडत होते, उन्हात धार (तिथला झरा) वाहत होती. दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, कोरीव काम बघायला चांगला तास हवा. तिथे ठाण्याचं एक कुटुंब भेटलं, आजी, दोन नातवंडं सगळे. आजी म्हणाल्या लोणारचं नाव शाळेपासून ऐकत होते, पण एवढ्या लांब कोण आणणार, आता मुलगा म्हणाला चल, रस्ता झालाय. मला फार बरं वाटलं. विदर्भातून मुंबईला जाणारे आधीही होतेच, मुंबईकडून बुलढाण्याला केवळ बघायला कुणी येणं हे मी पहिल्यांदा पाहत होते.

दुसरबीडवरून परत समृद्धीवर चढलो आणि सिंदखेडराजाच्या अलीकडे पिंपळखुट्याचा भाग आला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री इथेच एक खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि २५ माणसं गेली. नागपूर-वर्ध्याकडची कितीतरी तरुण मुलं होती त्यात. मी गाडीचा वेग कमी केला, बाबांनी हात जोडले. सरळ रस्ता, एकसारखं दृश्य, रात्रीची वेळ, यात उघड्या डोळ्यांनी मेंदू झोपतो. हायवे हिप्नॉसिस म्हणतात ते हेच. माझं कळकळीचं सांगणं आहे, रात्री बारा ते पहाटे पाच या रस्त्यावर येऊ नका, आणि दिवसा पण शंभर किलोमीटरला एकदा उतरा, पाच मिनिटं चाला, तोंडावर पाणी मारा. शेजारचा माणूस झोपला तर त्याला उठवा, त्याचं काम ड्रायव्हरशी बोलायचं आहे. आणि पंक्चर झालं, गाडी तापली तर लेनमध्ये किंवा गाडीच्या मागे उभं राहू नका, कडेच्या रेलिंगपलीकडे जा. उभ्या वाहनावर मागून येऊन धडकणं हा इथला मोठा धोका आहे.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. दुपारचं ऊन, आत शाळेची सहल. एका बाईंनी मुलांना पायरीवर बसवून जिजाऊंची गोष्ट सांगितली आणि ती पोरं इतकी शांत ऐकत होती की आम्ही पण मागे उभं राहून ऐकली. बाई जालन्याच्या होत्या. एका दिवसात सिंदखेडराजा आणि लोणार दोन्ही करून मुलांना संध्याकाळी घरी पोचवायचं होतं. आधी हे दोन्ही एका सहलीत बसत नव्हतं म्हणाल्या.

जालना म्हणजे लोखंड आणि मोसंबी. मोंढ्यात बाबांना मोसंबी घ्यायची होती, तिथला व्यापारी बोलका निघाला. संध्याकाळी भरलेली गाडी आता पहाटेच्या बाजाराला वाशीला लागते, पूर्वी उशीर झाला की भाव उतरलेला असायचा. मी विचारलं याचा फायदा बागवाल्याला किती होतो. तो हसला नाही, खरं बोलला, "ज्याची स्वतःची गाडी भरेल एवढा माल आहे त्याला होतो. दहा क्रेट घेऊन येणाऱ्याला भाव मोंढ्यातलाच." इंटरचेंजजवळ माल गोळा करायला, थंड ठेवायला सोय झाली तर दहा क्रेटवाल्याचा पण माल त्या ट्रकमध्ये चढेल. कृषी समृद्धी केंद्रं, नवनगरं असं सगळं मूळ आराखड्यात होतं. आम्ही ज्या ज्या ठिकाणी उतरलो तिथे अजून तरी शेतं आणि "प्लॉट विकणे आहे" च्या पाट्या बघितल्या.

रात्री छत्रपती संभाजीनगर. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, बाबांना वर्ज्य, त्यामुळे मी एकटीने खाल्ला. पोटभर.

तिसरा दिवस : वेरूळ, वैजापूर, इगतपुरी

पहाटे उठून वेरूळ. कैलास लेण्याबद्दल मी काय लिहिणार, पण बाबांनी तिथे उभं राहून जे सांगितलं ते लिहिते. हे लेणं ज्या बसाल्टमध्ये वरून खाली खोदलंय तोच दगड समृद्धीच्या बोगद्यांत आहे, आणि त्या काळी छिन्नी-हातोड्याने काढलेला दगड बघितला की आपल्या यंत्रांचा फार अभिमान वाटायचं कारण नाही असं ते म्हणाले. (मंगळवारी वेरूळ बंद असतं, दिवस बघून जा.) माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून परत वर आलो, देवगिरी किल्ला बाजूलाच दिसत राहतो.

वैजापूरजवळ जेवायला थांबलो तेव्हा शेजारच्या टेबलावर रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर दादा. बाजरीची भाकरी आणि शेवभाजी, दोघांचंही तेच. अडलेली बाळंतीण असो की सर्पदंश, वैजापूरकडून घाटीला, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायला जुन्या रस्त्याने जीव टांगणीला लागायचा. "आता इंटरचेंज जवळ असला की मी पेशंटच्या आईला सांगतो, काळजी करू नका, पोचतोच आपण. हे वाक्य मी आधी कधी बोललो नव्हतो ताई." मी वहीत लिहून घेतलं. आठ तासांच्या गप्पांपेक्षा मला हे अर्धा-पाऊण तास वाचणं मोठं वाटतं. इंटरचेंज लांब असलेल्या गावांचं काय, असं बाबांनी विचारलं. दादा म्हणाले तिथे खड्डेच, गावापासून इंटरचेंजपर्यंतचा रस्ता कुणी करत नाही.

गोदावरी ओलांडली. शिर्डीला या वेळी गेलो नाही. नागपूर ते शिर्डी ५२० किमी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, पुढे शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये आणि भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये. हे तुकडे का पडले ते सिन्नर सोडलं की लक्षात येतं. विदर्भ-मराठवाड्याची सपाटी संपते, पट्टा अरुंद होतो, डोंगर अंगावर येतात. हवा बदलते. काचा खाली केल्या तर भाताच्या कापणीचा वास येत होता. सकाळी कापूस, दुपारी कांदा, संध्याकाळी भात, एका दिवसात महाराष्ट्राची तीन पिकं पाहिली.

इगतपुरीत मुक्काम. चहाच्या हॉटेलात बोगद्यावर काम केलेला झारखंडचा एक मुलगा भेटला, आता देखभालीच्या कामावर आहे. बाबा आणि तो हिंदीत दोन तास बोलत होते, मला मध्ये जागाच नव्हती. दगडात भोकं पाडायची, सुरुंग लावायचा, धूर जाईपर्यंत थांबायचं, ढिगारा काढायचा, सुटा दगड खाली पाडायचा आणि लगेच छतावर काँक्रीटचा फवारा आणि बोल्ट, मग पुढचे दोन-तीन मीटर. पावसाळ्यात छतातून पाण्याच्या धारा. गावाकडे फोन लावायला बाहेर यावं लागायचं. त्याने अजून गाडीत बसून पूर्ण समृद्धी पाहिलेली नाही. बाबांनी त्याला नागपूरचा पत्ता दिला आणि ये म्हणाले, अगदी मनापासून.

चौथा दिवस : बोगदा, आमणे

सकाळी धुकं इतकं की दिवे लावून हळू निघालो. घाटाच्या भागात कारला शंभरची मर्यादा आहे आणि ती पाळाच, दरीत वारा गाडीला बाजूला ढकलतो. मग तो बोगदा. ७.७८ किलोमीटर, आम्ही गेलो तेव्हा महाराष्ट्रातला सर्वात लांब रस्ता-बोगदा, जाणाऱ्या-येणाऱ्यांना वेगळी नळी आणि प्रत्येकीत तीन लेन, आग लागली तर पाण्याचा फवारा मारणारी यंत्रणा, ठरावीक अंतरावर पलीकडच्या नळीत जायची वाट. कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगेत ब्रेकचा वास घेत किती वेळ जायचा ते आठवलं, आणि इथे सहा-सात मिनिटांत पलीकडे, थेट शहापूर तालुक्यात. आत लेन बदलू नका, थांबून फोटो काढू नका. पुढे अजून बोगदे आहेत, या शेवटच्या तुकड्यात एकूण पाच.

शहापूरला सरळांबे लागतं. ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री इथे पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जण, कामगार आणि अभियंते, गेले. बरेचसे दुसऱ्या राज्यांतून आलेले. धावत्या गाडीतून आम्हाला तिथे काही खूण दिसली नाही. मला वाटतं त्या वीस जणांची नावं त्या पुलावर ठळक अक्षरांत असावीत, मराठीत आणि त्यांच्या त्यांच्या भाषेतही.

आमण्याला बाहेर पडलो तेव्हा साडेदहा झाले होते. आणि तिथून ठाण्याला जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आम्ही मेहकरहून जालन्याला आरामात गेलो असतो. वडपे ते ठाणे रुंदीकरण चालू होतं, गोदामांचे ट्रक, भिवंडीची वळणं. त्यामुळे वेळेचा हिशोब करताना आमण्यानंतरचे दीड-दोन तास वेगळे धरा, विमान किंवा दवाखान्याची अपॉइंटमेंट असेल तर नक्कीच, आणि शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या मध्ये आमण्याला पोचा.

ठाण्याला आत्याकडे जेवताना सगळे विचारत होते रस्ता कसा आहे. बाबा म्हणाले रस्ता उत्तम आहे, आता त्याला फांद्या पाहिजेत. प्रत्येक इंटरचेंजपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या गावांना चांगला डांबरी रस्ता, इंटरचेंजपर्यंत एसटी, पाणी न साठणारे खालचे बोगदे. एका मोठ्या पुलाच्या खर्चात याचं पुष्कळ काम होईल असा त्यांचा अंदाज आहे आणि त्यांनी आयुष्यभर अंदाजपत्रकंच केलीत. जालना-नांदेड जोडरस्ता ठरलाय, नागपूरच्या पुढे भंडारा-गोंदिया आणि गडचिरोलीकडे न्यायचंही ठरतंय. गडचिरोलीचं नाव आल्यावर ते आत्याला म्हणाले, "ते आधी करायला पाहिजे होतं. मुंबईपासून सगळ्यात लांब तेच आहे ना."

परतीला मालेगाव (वाशीम जिल्ह्यातलं) आणि धामणगावला (अमरावती जिल्ह्यातलं) उतरणार आहोत. त्या बाजूला चांगलं साधं जेवण कुठे मिळतं, आणि धामणगावच्या इंटरचेंजपासून एसटी मिळते का, माहीत असेल तर नक्की सांगा.